मुंबई ते जयगड: छोट्या बोटीतली पहिली रात्र

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: तीस फुटी शिडाची बोट, तुम्ही आणि पत्नी दोघंच, आजवर मांडवा-अलिबागपर्यंत दिवसा जाऊन आलात, आणि आता जानेवारीत बोट गोव्याला न्यायची आहे. रात्री किनाऱ्यालगत जावं की बाहेरून? दोघांत झोप कशी वाटून घ्यावी? आणि मध्येच दमलो तर एखाद्या खाडीत शिरून रात्र काढता येईल का?

शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण बाकीचं सगळं त्यावरच अवलंबून आहे. नाही, रात्री अनोळखी खाडीत शिरायचं नाही. बाणकोटच्या आणि दाभोळच्या तोंडाशी वाळूचे उंचवटे आहेत, हर्णैला मासेमारी बोटींची गर्दी असते, आणि दिवसा सोपी वाटणारी वाट रात्री किनाऱ्यावरच्या दिव्यांत पार हरवून जाते. दमलेल्या माणसाला ते दिवे घरासारखे वाटतात, म्हणूनच ते धोक्याचे. छोटी बोट खुल्या पाण्यात सहसा बुडत नाही, ती जमिनीजवळ फुटते. रात्री फार थकवा आला तर शिडं कमी करा, बोट हीव्ह-टू करून जागच्या जागी डुलत ठेवा, एकाने पहारा द्यावा, दुसऱ्याने झोपावं, आणि उजाडण्याची वाट पाहावी. मात्र हे करायला भोवती मोकळं पाणी हवं, आणि ते संध्याकाळीच मिळवून ठेवावं लागतं.

त्यामुळे पहिला सल्ला असा की गोवा एका दमात करू नका. मुंबई ते आग्वाद सुमारे 215 ते 220 सागरी मैल होतात. पाच नॉट्सनी, म्हणजे तासाला पाच सागरी मैलांनी, चव्वेचाळीस तास, म्हणजे सलग दोन रात्री. दुसरी रात्र ही पहिलीपेक्षा वेगळीच गोष्ट आहे आणि दोघांनी पहिल्याच खेपेला तिच्या वाट्याला जाऊ नये. जयगडपर्यंत एक रात्र करा. शास्त्री नदीच्या तोंडाशी, किल्ल्याच्या आड, वायव्येच्या वाऱ्यापासून चांगला निवारा आहे. मोठ्या जहाजांचं बंदर असल्यामुळे बोयांनी आखलेली खोल वाटही आहे.

आता नकाशा उघडा. कुलाब्याच्या टोकाच्या प्रॉन्ग्स दीपगृहापासून जयगडपर्यंत सरळ रेघ ओढून बघा. ती जवळजवळ जंजिऱ्यावरून आणि हर्णैच्या सुवर्णदुर्गावरून जाते! चार्टप्लॉटरवर, म्हणजे बोटीवरच्या जीपीएस नकाशावर, दोन टोकं टाकून «जा» म्हणणाऱ्यांनी हे जरूर पाहावं. म्हणून वाट बाहेर वाकवायची. मी असं करतो: प्रॉन्ग्सपासून जवळपास दक्षिणेला, खांदेरी डाव्या हाताला किमान तीन मैल ठेवून, मुरूडच्या पश्चिमेला बारा मैलांवर. तिथून हर्णैच्या पश्चिमेला बारा मैलांवर. तिथून आत वळून जयगडला. तीन टप्पे साधारण पस्तीस, तीस आणि छत्तीस मैलांचे. गेटवेपासून प्रॉन्ग्सपर्यंतचं अंतर धरून 105 मैल होतात. सरळ रेघेपेक्षा ही वाट दोन-तीन मैलच लांब पडते, आणि तेवढ्यात रात्रभर हाताशी बारा मैलांचं पाणी मिळतं.

निघायची वेळ दुपारी एक. पाच नॉट्स मिळाले तर सकाळी दहाला जयगड, सहा मिळाले तरी साडेसहाला, म्हणजे सूर्योदयाच्या थोडं आधी. त्यापेक्षा लवकर पोचायची भीती नाही आणि उशीर झाला तर दिवस पुढे आहेच. एक गोष्ट हिशेबात धरा: हिवाळ्यात आपल्या किनाऱ्यालगतचा प्रवाह उत्तरेकडे वाहतो, म्हणजे तुमच्या विरुद्ध. मोठा नसतो, पण वीस तासांत पाच-सहा मैल सहज खातो.

दिवस निवडायचा तो पौर्णिमेच्या आसपासचा. चंद्र रात्रभर सोबत असतो हे एक. दुसरं, पौर्णिमेला मुंबईत दुपारी साधारण बारा-साडेबाराला भरती पूर्ण होते. म्हणजे एक वाजता निघालात की उधाणाची ओहोटी तुम्हाला बाहेर घेऊन जाते. मुंबईत उधाणाला पाणी चार मीटरहून जास्त चढतं-उतरतं. बंदराच्या तोंडाशी ते पाणी विरुद्ध असेल तर छोटी बोट इंजिन लावूनही रांगते. तिसरं कारण कोळी बांधव सांगतील: चांदण्यात जाळं माशाला दिसतं आणि दिव्यावरची मासेमारीही चालत नाही, त्यामुळे पौर्णिमेला बाहेरच्या पाण्यात वाहती जाळी कमी असतात. उलट डोलीचा, म्हणजे खुंटांना बांधून प्रवाहात लावलेल्या जाळ्यांचा, धंदा उधाणाचा. रायगडच्या किनाऱ्यालगत डोलीचे खुंट आणि बोये त्या दिवसांत भरपूर असतात. म्हणून तो पट्टा उजेडात पार करायचा. एकला निघालात तर साडेचार-पाचला खांदेरी मागे पडते आणि सव्वासहाला सूर्य बुडताना तुम्ही रेवदंडा-कोर्लईसमोर, किनाऱ्यापासून चांगले बाहेर असता. निघायची वेळ मी एवढी नेमकी सांगतोय ती याच कारणासाठी. तासभर उशीर झाला तर खुशाल दुसऱ्या दिवशी निघा.

वाऱ्याचं गणित जानेवारीत बरंच भरवशाचं असतं. दुपारपासून वायव्येचा खारा वारा, दहा-पंधरा नॉट्स, तुमच्या उजव्या पिछाडीवर. रात्री नऊ-दहानंतर तो मंदावतो. मध्यरात्रीच्या आसपास पाणी तेलासारखं होतं, शिडं फडफडत राहतात आणि इंजिन लावावं लागतं. मग पहाटे तीन-चारला जमिनीवरून मतलई सुरू होते. आधी नाकाला कळते: धूर, वाळलेलं गवत, शेण यांचा वास बारा मैलांवर येतो. अंगावर दव उतरतं, कॉकपिट भिजतं, आणि दुपारी उकाड्याने हैराण झालेला माणूस स्वेटर शोधत फिरतो. मतलई डाव्या बाजूने येते आणि तिच्यावर बोट पाण्यावर सपाट, सुरेख पळते. फार बाहेर, वीस-पंचवीस मैलांवर गेलात तर ही मतलई हाती लागत नाही. बारा मैल म्हणतो ते यासाठीही.

एक अपवाद. उत्तरेत थंडीची लाट आली की उत्तरेचा वारा दोन-तीन दिवस वीसच्या वर वाहतो आणि समुद्र खवळतो. तेव्हा हे गणित मोडतं. हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा आणि हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्र-माहिती संस्थेचा लाटांचा अंदाज निघण्याच्या तीन दिवस आधीपासून रोज बघा. वारा अठराच्या वर किंवा लाट दीड मीटरच्या वर सांगितली असेल तर पहिल्या खेपेला जाऊ नका. पाहुणे गोव्यात वाट बघत असले तरी नाही.

आता जाळी. आपल्या किनाऱ्यावर रात्रीचा खरा अडथळा हाच आहे आणि परदेशी पुस्तकं वाचून तयारी करणाऱ्यांना याची कल्पना नसते. नियमाप्रमाणे ट्रॉलरने वर हिरवा आणि खाली पांढरा दिवा लावायचा, इतर मासेमारी बोटीने वर लाल आणि खाली पांढरा. प्रत्यक्षात दिसतो तो डेकवर लावलेला एलईडीचा झगमगाट, आणि कधी कधी काहीच नाही. म्हणून दिव्याच्या रंगापेक्षा बोट काय करते आहे ते ओळखायला शिका. दोन-तीन नॉट्सनी एका दिशेला सरकतेय? ती ट्रॉलर, तिच्या मागे पाण्याखाली दोरखंड आणि जाळं आहे. तिच्या पिछाडीला जवळून जाऊ नका, निदान अर्धा मैल सोडा. एका जागी डुलतेय? ती बहुधा वाहतं जाळं टाकून बसली आहे. अशी बोट नाळेकडून, म्हणजे पुढच्या टोकाकडून, जाळ्याला बांधलेली असते, जाळं तिच्या नाळेच्या पुढे वाऱ्याकडे पसरलेलं असतं, कधी कधी एक-दोन किलोमीटर, आणि टोकाला लुकलुकणारा छोटा दिवा. म्हणून तिच्या पिछाडीकडून जायचं. दोन बोटी, दोन नियम, एकमेकांच्या उलट. हे कागदावर लिहून कॉकपिटमध्ये चिकटवा, कारण पहाटे तीनला ते आठवत नाही.

समोरून कोणी टॉर्च हलवू लागलं तर ते तुम्हाला त्रास देत नाहीत, «इथे जाळं आहे» असं सांगताहेत. वेग कमी करा, तुमचाही टॉर्च एकदा आपल्या शिडावर मारा म्हणजे ही शिडाची बोट आहे हे त्यांना दिसेल, आणि ते हात करतील तिकडून जा. मराठीत हाक मारा. «दादा, कुठून जाऊ?» एवढं विचारलं की पुढचा अर्धा तास सोपा होतो.

मी हे शिकलो ते नुकसान सोसून. हर्णैसमोर, रात्री अडीचला, पडलेल्या वाऱ्यात इंजिनावर चाललो होतो. पुढे एक मिणमिणता दिवा दिसला, मला वाटलं दूरची बोट आहे. तो जाळ्याच्या टोकाचा बोया होता, शंभर मीटरवर. बोट जाळ्यावर चढली, इंजिन न्यूट्रलला टाकायला मला दोन-तीन सेकंद उशीर झाला, तेवढ्यात दोरी पंख्याला गुंडाळली आणि इंजिन बंद पडलं. माझा सोबती पाण्यात उडी मारायला निघाला होता. त्याला मी अडवलं, आणि त्या रात्री मी केलेली बरोबर गोष्ट हीच एक. डुलत्या बोटीखाली, काळोखात, जाळ्यात माणूस घालायचा नाही. आम्ही मोठं शीड उतरवलं, डेकवर दिवा लावला आणि थांबलो. पाऊण तासाने जाळंवाल्यांची बोट आली. तांडेल चिडलेला होता, आणि त्याचं बरोबरच होतं. त्याच्या हातातलं आठवड्याचं उत्पन्न आमच्या पंख्यात होतं. उजाडल्यावर त्याच्याच एका खलाशाने बुडी मारून कोयत्याने दोरी कापली. जाळ्याचे पैसे आम्ही तिथेच चुकते केले. त्याने आधी चहा पाजला, मग पैसे मोजले. तेव्हापासून खिशात रोख रक्कम आणि धारदार दातेरी सुरी घेतल्याशिवाय मी रात्रीचा निघत नाही. इंजिनावर असताना पहारेकऱ्याचा एक हात गिअरच्या दांड्याजवळ असतो.

मोठ्या जहाजांचं काम त्या मानाने सोपं आहे, कारण ती नियमाने चालतात. बसल्या जागी तुमच्या डोळ्यांची उंची पाण्यापासून दोन मीटर, म्हणजे क्षितिज तीन मैलांवर. मोठ्या जहाजाचे दिवे उंच असल्याने सात-आठ मैलांवरून दिसतात. वीस नॉट्सनी येणारं जहाज आठ मैल चोवीस मिनिटांत कापतं. म्हणून दर दहा मिनिटांनी उभं राहून पूर्ण गोल नजर फिरवायची, शिडाच्या आडोशालाही डोकावायचं. जहाज दिसलं की होकायंत्रावरून त्याची दिशा घ्या, तीन मिनिटांनी परत घ्या. दिशा बदलत नसेल आणि दिवे मोठे होत असतील तर टक्कर ठरलेली आहे. लवकर, आणि समोरच्याला कळेल असं ठळक वळा. पाच अंशांनी वळून उपयोग नाही, चाळीस अंशांनी वळा. एकावर एक दोन किंवा तीन पांढरे दिवे दिसले तर तो टग आहे आणि त्याच्या मागे बार्ज ओढत येते आहे. त्या दोघांच्या मधून कधीही जायचं नाही. जयगड आणि धरमतर यांच्यात माल वाहणारी लहान मालवाहू जहाजं जवळपास तुमच्याच वाटेने ये-जा करतात, ती ध्यानात ठेवा. आसपासची जहाजं पडद्यावर दाखवणारं एआयएस जरूर लावा, पण त्यात न दिसणाऱ्या बोटीच जास्त आहेत असं समजून बाहेर बघत राहा. आणि इंजिन चालू केलंत की डोलकाठीच्या टोकाचा, शिडावर चालताना लावायचा तिरंगी दिवा बंद करून इंजिनावर चालतानाचे दिवे लावा. दोन्ही एकदम लावले तर समोरच्याला तुम्ही कोण आहात ते कळत नाही.

झोपेबद्दल माझं मत बऱ्याच जणांपेक्षा वेगळं आहे. अनुभवी माणूस सहसा संध्याकाळी उत्साहात जागा राहतो आणि पहाटे, जेव्हा त्याची गरज असते, तेव्हा गळून पडतो. उलट करा. सूर्यास्ताला दोघं मिळून शिडं आवरा, गरम जेवण घ्या, आणि सात ते दहा तुम्ही झोपा. तो पहारा पत्नीने करावा. वारा स्थिर असतो, चंद्र वर आलेला असतो, आणि वाट सरळ आहे. दहा ते एक तुम्ही, एक ते चार परत त्या, चार ते उजाडेपर्यंत तुम्ही. झोप येणार नाही असं वाटतं. न का येईना, डोळे मिटून आडवं पडायचंच. निघायच्या दिवशी सकाळी कसलीही दुरुस्ती करू नका. डिझेल, पाणी, सामान आदल्या दिवशी. बहुतेक लोक बंदरातून बाहेर पडतानाच थकलेले असतात.

आणि एक करार घरीच करून घ्या: उठवायला संकोच करायचा नाही, आणि उठवलं म्हणून रागवायचं नाही. जहाज तीन मैलांच्या आत आलं, दिव्याचा अर्थ लागला नाही, वारा फिरला किंवा वाढला, नुसतंच अस्वस्थ वाटलं, तरी उठवायचं. तुम्ही एकदा जरी «एवढ्यासाठी उठवलंस?» म्हणालात तर पुढच्या वेळी त्या पाच मिनिटं थांबतील, आणि ती पाच मिनिटं महाग पडतात.

कॉकपिटच्या बाहेर रात्री एकट्याने जायचं नाही, हा दुसरा करार. लाइफ जॅकेट आणि हार्नेस सूर्यास्ताला चढवायचे ते उजाडल्यावर काढायचे. कॉकपिटमध्येही पट्टा अडकवलेला असावा. पुरुषांनी बाजूला उभं राहून लघवी करायची नाही. साधी गोष्ट आहे, पण माणसं अशीच पाण्यात जातात, आणि दोघांच्या बोटीवरून एक पडला तर दुसऱ्याला त्याला एकट्याने वर घ्यावं लागतं. तुमच्या पत्नी तुम्हाला पाण्यातून वर घेऊ शकतील का, हे मांडव्याला दिवसा एकदा करून बघा. जमत नसेल तर कप्पी लावून जमेपर्यंत करा. त्यानंतरच तारीख ठरवा.

शिडं अंधार पडण्याआधीच कमी करा, वारा असो नसो. मागून वारा असताना बूम, म्हणजे मोठ्या शिडाच्या तळाची आडवी काठी, पुढच्या बाजूला दोरीने बांधून ठेवा, झोपेत सुकाणू चुकलं तर ती डोक्यावरून सुसाटत येते. डिझेल चोवीस तास पुरेल एवढं हवं. तुमच्या बोटीच्या इंजिनाला साधारण साठ लिटर. फिल्टर नवा घाला आणि एक जादा ठेवा, कारण टाकीच्या तळाचा गाळ लाटांनी ढवळून वर येतो तो नेमका रात्रीच. खायला दशम्या, थालीपीठं, केळी, थर्मासमध्ये आल्याचा चहा. तळलेलं नको. बोट लागण्याची गोळी आदल्या रात्रीपासून घ्या, मळमळ सुरू झाल्यावर तिचा उपयोग नसतो. आत फक्त लाल दिवा. पांढरा दिवा एकदा डोळ्यांवर पडला की पुढची वीस मिनिटं बाहेरचं दिसत नाही.

निघण्याआधी बंदर अधिकाऱ्यांना आणि कोस्ट गार्डला बोटीचं नाव, माणसं, वाट, पोचायची वेळ कळवा. 1554 हा कोस्ट गार्डचा मदतीचा क्रमांक फोनमध्ये असू द्या, व्हीएचएफ रेडिओ चॅनल 16 वर ठेवा. किनाऱ्यावर एका माणसाला सांगून ठेवा की दुपारी दोनपर्यंत फोन आला नाही तर काय करायचं. परदेशातल्या नातेवाइकाने सॅटेलाइट फोन किंवा उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र भेट दिलं असेल तर ते घरीच राहू द्या. परवान्याशिवाय ते आपल्याकडे बेकायदा आहे आणि लोकांना त्यापायी अटक झाली आहे. 406 मेगाहर्ट्झचा ईपीआयआरबी, म्हणजे संकटाचा संदेश पाठवणारा बीकन, मात्र रीतसर नोंदणी करून जरूर घ्या.

सुकाणू धरणाऱ्याला होकायंत्राकडे रात्रभर टक लावून बसवू नका, डोकं फिरतं आणि मळमळतं. दिशा जुळली की समोरचा तारा धरा. दुसऱ्या टप्प्यावर तुमची दिशा सुमारे 167 अंश, आणि जानेवारीच्या मध्यावर रात्री साडेनऊच्या सुमारास अगस्ती जवळपास तिथेच, क्षितिजापासून पंधरा अंशांवर असतो. नाळेसमोर अगस्ती ठेवून चालवा. पंधरा-वीस मिनिटांनी होकायंत्र बघून दुरुस्ती करा, कारण तो हळूहळू उजवीकडे सरकतो आणि साडेअकराच्या आसपास दक्षिणेला येतो. पहाटे साडेचारला नाळेच्या थोडं उजवीकडे त्रिशंकू दिसेल. माझ्या बायकोने पहिल्या खेपेला अगस्तीवर तीन तास बोट चालवली, मला एकदाही न उठवता. सकाळी आखलेल्या वाटेपासून आम्ही अर्धा मैलसुद्धा हललो नव्हतो.

डाव्या हाताला दीपगृहं एकामागून एक येत राहतील: जंजिरा, हर्णै, मग दाभोळजवळचं टोळकेश्वर. प्रत्येकाची लुकलुक किती सेकंदांची ते यादीतून आधीच लिहून घ्या आणि घड्याळ लावून मोजा. «हेच असेल» असं म्हणून पुढे जायचं नाही. जीपीएस चालू असतानाही मी मोजतो. रात्री आपण कुठे आहोत हे दोन वेगळ्या मार्गांनी कळलं की मन शांत राहतं.

सगळ्यात वाईट तास पहाटे तीन ते पाच. थंडी, दव, झोप, आणि त्याच वेळी वाट आत किनाऱ्याकडे वळलेली. या वेळेत कोणताही नवा निर्णय घेऊ नका. «आत्ताच शिरू, चार तास वाचतील» असं वाटलं तर तो थकवा बोलतोय असं समजा. लवकर पोचत असाल तर शीड कमी करून सहा मैल बाहेर थांबा. सकाळी पूर्वेकडे जाताना सूर्य डोळ्यांत येतो आणि पाण्यावरचे बोये दिसत नाहीत, त्यामुळे तो हातभर वर येऊ दे. नऊच्या सुमारास बंदराच्या वाटेच्या कडेने, मोठ्या जहाजांना जागा देऊन, किल्ला वळसा घालून आत जा. फेरीबोटीची वाट सोडून नांगर टाका, साखळी सढळ सोडा, आणि अर्धा तास तो धरतोय ना ते बघा. मग फोन करा, मग झोपा.

दुसऱ्या दिवशी लगेच गोव्याकडे निघू नका. एक पूर्ण रात्र नांगरावर काढा, फिल्टर उघडून बघा, कुठली दोरी घासली ते तपासा. पुढचा टप्पा 115 मैलांचा आहे, आणि त्यात मालवणचे खडक आणि वेंगुर्ला रॉक्स येतात. त्यांची वाट वेगळी आखावी लागते. जयगडला नांगर पडला की तुमच्या बोटीला रात्री खरोखर किती वेग मिळाला ते कळवा, त्या आकड्यावरून पुढचं ठरवू.